पोपट सूर्यफुलाच्या बियांशिवाय काहीच खात नाही: काय तपासायचं, कुठल्या क्रमाने

मे महिना आणि दिवाळी आली की माझ्या डोंबिवलीच्या घरी सहा-सात पिंजरे मुक्कामाला येतात. गावाला जाणारे लोक आपले पक्षी माझ्याकडे ठेवून जातात. बजरीगर, कॉकाटील, लव्हबर्ड, सन कॉन्युर, कधी एखादा आफ्रिकन ग्रे, सगळे पोपटाच्या कुळातले परदेशी पक्षी. अकरा वर्षं हे चाललंय, आणि पिंजऱ्यासोबत येणारी पिशवी जवळपास दर वेळी तीच असते. किलोभर मिक्स दाणे, त्यात निम्म्याहून जास्त पट्ट्यापट्ट्यांचं सूर्यफूल, आणि वर एक वाक्य: "याला बाकी काही आवडत नाही हो, सगळं देऊन बघितलं."

हे वाक्य मी आता आवडीनिवडीचं म्हणून ऐकत नाही. पक्षी हट्टी नसतो. त्याच्यासमोर ठेवलेलं गाजर हा खायचा पदार्थ आहे हेच त्याला ठाऊक नसतं. पिल्लू असताना आई-बापाने किंवा थव्याने जे खाऊन दाखवलं तेवढंच त्याच्या लेखी अन्न. दुकानातल्या पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाने फक्त दाणे पाहिलेले असतात. त्यामुळे इथे ओळख करून द्यायची आहे, जबरदस्ती करायची नाही. त्याआधी बिघाड नक्की कुठे आहे ते शोधायला हवं, आणि तो बऱ्याचदा पक्ष्यात नसून वाटीत, वेळेत किंवा घरातल्या माणसांत सापडतो.

लक्षणं

- मिक्स दाण्यांतून पक्षी फक्त सूर्यफूल वेचतो (बजरीगर असेल तर फक्त राळा, ज्याला दुकानात कंगनी म्हणतात) आणि बाकीचं उडवून देतो.
- भाजी किंवा फळ ठेवलं की दांडीच्या दुसऱ्या टोकाला सरकतो, मान उंच करून टक लावून बघतो, जवळ येत नाही.
- पिसं निस्तेज दिसतात, झडून नवी यायला फार दिवस लागतात.
- चोच आणि नखं भराभर वाढतात, चोचीवर काळसर डाग दिसतात.
- वारंवार शिंका येतात, नाकपुडीशी ओल किंवा खपली असते.
- पक्षी गुबगुबीत झालाय, खोलीत एक फेरी मारली तरी चोच उघडून धापा टाकतो.
- मादी पुन्हा पुन्हा अंडी घालते, किंवा अंड्याचं कवच मऊ निघतं.
- बजरीगरचा आवाज बदललाय, श्वास घेताना टिकटिक असा बारीक आवाज येतो.

पहिली दोन लक्षणं सवयीची आहेत, ती घरी सुटतात. बाकीची शरीराने दिलेली सूचना आहे. त्यांतलं एकही दिसलं तर आधी पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि खालच्या तपासण्या त्यासोबत करा. डॉक्टरांना टाळण्यासाठी त्या वापरू नका.

सूर्यफुलाच्या गराच्या वजनात सुमारे निम्मी चरबी असते. कॅल्शियम थोडं आणि फॉस्फरस त्याच्या आठपट. पक्ष्याला हवं याच्या उलट, म्हणजे फॉस्फरसच्या दीड-दोनपट कॅल्शियम. अ जीवनसत्त्व तर जवळपास नाहीच. वर्षानुवर्षं तेवढंच खाल्लं की यकृतात चरबी साठते, आणि वाढलेली चोच हे त्याचं एक बाहेर दिसणारं रूप. अ जीवनसत्त्व कमी पडलं की नाक, तोंड आणि श्वासमार्गाचं आतलं ओलसर अस्तर जाड, कोरडं होतं. मग साधा जंतूही आत शिरतो आणि शिंका सुरू होतात. बियांत आयोडीनही कमी असतं. बजरीगरची थायरॉइडची गाठ त्यामुळे सुजते आणि श्वासनलिकेवर दाब येतो. ती टिकटिक तिथून येते.

पुढे जाण्याआधी एक स्पष्ट सांगते. आपल्याकडचा लाल चोचीचा हिरवा पोपट आणि खांद्यावर तांबडा पट्टा असलेला मोठा पहाडी पोपट, दोन्ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. ते विकत घेणं, पाळणं गुन्हा आहे. वादळात घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडलं असेल तर त्याला दूध-भात भरवत बसू नका. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही, आणि चमच्याने घातलेलं अन्न श्वासनलिकेत जाऊन पिल्लं मरतात. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. खाली लिहिलेलं सगळं परदेशी प्रजातींच्या पाळीव पक्ष्यांबद्दल आहे.

सगळ्यात आधी वाटीत फुंकर मारा

खर्च शून्य, वेळ दहा सेकंद, आणि यानेच मी सर्वाधिक पक्षी सावरलेले पाहिलेत.

पोपट बी अख्खी गिळत नाही. चोचीत धरून जिभेने फिरवतो, साल सोलतो, गर खातो आणि टरफल तिथेच वाटीत पाडतो. संध्याकाळी वाटी काठोकाठ दिसते, घरच्यांना वाटतं भरपूर आहे. सूर्यफुलाचं रिकामं टरफल निदान दुभंगलेलं तरी दिसतं, पण राळ्याचं टरफल अगदी दाण्यासारखंच पिवळं, गोल, चकचकीत. नखाने दाबा. दाणा असेल तर कडक लागतो, टरफल असेल तर चपटं होतं.

दोन वर्षांपूर्वी एक काकू बजरीगर घेऊन आल्या. "अगं, वाटी भरलेली असते, तरी हा कोपऱ्यात गप्प बसून असतो. काहीतरी मनाला लागलंय त्याच्या." मी वाटी गॅलरीत नेली आणि फुंकर मारली. पिवळा भुगा उडाला आणि तळाशी दहा-बारा दाणे उरले. छातीचं मधलं हाड बोटाला सुरीच्या धारेसारखं लागत होतं. वजन भरलं २६ ग्रॅम. घरात पाळलेला बजरीगर साधारण ३० ते ४० ग्रॅमचा असतो. त्याच्या मनाला काही लागलेलं नव्हतं, तो उपाशी होता. वाटी रोज रिकामी करून ताजे दाणे द्यायला लागल्यावर पंधरा दिवसांत तो ३३ ग्रॅमवर आला, आणि भाजीचं नाव आम्ही त्यानंतरच काढलं.

ही तपासणी पहिली असायचं कारण हेच. उपाशी पक्ष्यावर आहारबदलाचा प्रयोग करायचा नसतो. वाटी रोज पूर्ण ओतून टाका. वर नवीन दाणे पसरू नका.

तुमचा पक्षी नेमका कोणता आहे

आपल्याकडे बजरीगरला सर्रास लव्हबर्ड म्हणतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा, दणकट चोचीचा. फरक नावापुरता नाही. बजरीगर आणि कॉकाटील हे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातले, जमिनीवर फिरून गवताच्या बिया टिपणारे पक्षी. त्यांच्या ताटात बारीक धान्याचा वाटा मोठा राहिला तरी चालतो: राळा, वरी, बाजरी, नाचणी. सूर्यफूल त्यांच्या रोजच्या खाण्यातलं मुळातच नाही. सन कॉन्युर दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडचा, फळं, फुलं, शेंगा खाणारा. त्याला भाजी-फळं जास्त लागतात. आफ्रिकन ग्रेला कॅल्शियमची कमतरता लवकर जाणवते. ती इतकी वाढू शकते की पक्ष्याला झटके येतात.

लोक दुसऱ्याच्या कॉन्युरचा आहार आपल्या बजरीगरला लावतात आणि मग "जमत नाही" म्हणतात. आधी प्रजात नक्की करा.

घरात कोण काय भरवतं ते लिहून काढा

तीन दिवस पिंजऱ्याशेजारी कागद-पेन ठेवा. घरातल्या प्रत्येकाने पक्ष्याला जे दिलं ते लिहायचं, चिमूटभर असलं तरी. नव्वद ग्रॅमच्या कॉकाटीलला अर्धं बिस्कीट म्हणजे जेवण झालं.

एका घरात आई सकाळी भाजी ठेवायची आणि पक्षी ढुंकून बघायचा नाही. कागदावर उलगडा झाला. आजोबा साडेसहाला चहा घेताना त्याला चहात बुडवलेलं बिस्कीट द्यायचे, रोज, सहा वर्षं. दोघांचा तो जीव की प्राण असलेला वेळ होता. तो बंद करा असं सांगणं मला बरं वाटलं नाही. आजोबांना म्हटलं, "बिस्किटाऐवजी तुम्ही त्याला पेरूची फोड द्या. आणि आधी तुम्ही स्वतः एक खा, त्याच्यासमोर." चौथ्या दिवशी त्याने आजोबांच्या हातून पेरू घेतला. आईच्या हातून घ्यायला आणखी तीन आठवडे लागले.

चहा-कॉफी, चॉकलेट, फरसाण, शेव, वेफर्स, कच्चा कांदा-लसूण हे पूर्ण बंद. अ‍ॅव्होकाडो हल्ली आपल्या बाजारातही सहज मिळतो. तो पक्ष्यांना विषारी आहे, थोडासाही देऊ नका. सफरचंद द्या, पण बिया काढून.

वजनकाटा

इथून खर्च सुरू होतो, तोही किचनमधल्या डिजिटल काट्याचा. एक ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. काट्यावर छोटी दांडी किंवा वाटी ठेवा, शून्य करा, पक्ष्याला त्यावर बसवा. रोज सकाळी, पहिली विष्ठा टाकल्यावर आणि खाण्याआधी. आकडा वहीत लिहा.

पक्षी आजार लपवतात. रानात अशक्त दिसणारा पक्षी आधी टिपला जातो, म्हणून शेवटपर्यंत ताठ बसून राहणं त्यांच्यात भिनलेलं आहे. पिसांखाली शरीर किती आटलंय ते डोळ्याला दिसत नाही, काट्याला दिसतं. कॉकाटील साधारण ८० ते ११० ग्रॅम, सन कॉन्युर १०० ते १२०, आफ्रिकन ग्रे ४०० ते ५००. पण पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तुमच्या पक्ष्याचा आठवडाभराचा सरासरी आकडा महत्त्वाचा. तो हातात येईपर्यंत खाण्यात काहीही बदलू नका. हा आठवडा लोकांना वाया गेल्यासारखा वाटतो, पण पुढचं सगळं या वहीवर उभं आहे.

पिंजऱ्याखालचा कागद

तळाला साधा पांढरा कागद घाला, लाकडाचा भुसा नको. विष्ठेचे तीन भाग दिसले पाहिजेत: हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग, आणि भोवती थोडं स्वच्छ पाणी.

या कागदावरून माणसं एक चूक हमखास करतात. ओली भाजी, काकडी, कलिंगड खाल्लं की भोवतालचं पाणी वाढतं. घरच्यांना वाटतं जुलाब झाले, आणि भाजी बंद होते. मधला घट्ट भाग आकारात असेल तर ते जुलाब नाहीत, नुसतं जास्तीचं पाणी आहे. बीट खाल्लं तर विष्ठा लालसर होते, तेही घाबरण्यासारखं नाही. काळजी करायची ती पांढरा भाग पिवळा किंवा गर्द हिरवा झाला तर, किंवा एकूण विष्ठाच कमी आणि काळपट-हिरवी व्हायला लागली तर. पहिल्यात यकृताची शंका, दुसऱ्यात पक्षी खात नाही हा अर्थ.

दाण्यांचा वास घ्या

मूठभर दाणे नाकाशी न्या. कुबट, खवट वास आला, जाळी किंवा अळ्या दिसल्या तर पिशवी टाकून द्या. पावसाळ्यात हे फार होतं. भुईमुगाच्या शेंगांना तर ओलीत अशी बुरशी लागते की तिचं विष थेट यकृतावर जातं. शेंगा द्यायच्याच तर भाजलेल्या, बिनमिठाच्या, माणसाने खायच्या दर्जाच्या आणि मोजक्या.

दाणे जिवंत आहेत का तेही बघता येतं. पन्नास दाणे रात्री भिजवा, सकाळी ओल्या फडक्यात बांधा, रोज धुवा. तीन दिवसांत बहुतेकांना मोड यायला हवेत. सोललेल्या दाण्यांना येतीलच असं नाही. जुन्या, मेलेल्या दाण्यांत जी काही जीवनसत्त्वं होती तीही गेलेली असतात.

वेळ बदला, पदार्थ नको

माझ्या अनुभवात अर्धी लढाई इथे जिंकली जाते, आणि यालाही पैसे लागत नाहीत.

रानातले पोपट दिवसभर चरत नाहीत. उजाडल्यावर एकदा आणि मावळतीआधी एकदा पोटभर खातात, दुपारी झाडात विसावतात. आपण मात्र दाण्यांची वाटी चोवीस तास समोर ठेवतो. मग त्याने अनोळखी गाजराकडे का जावं? भूकच लागत नाही तर नव्याची चव कोण घेईल?

करायचं असं. सकाळी उठल्यावर पहिली वाटी भाजीची. ती दीड-दोन तास राहू द्या, मग काढा, उन्हाळ्यात त्याआधीच, कारण आपल्या दमट हवेत ओलं खाणं लवकर आंबतं. त्यानंतर मोजून दाणे, अर्धा तास. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पुन्हा मोजून दाणे. कॉकाटीलला दिवसभरात सपाट दोन चमचे दाण्यांपासून सुरुवात करा आणि काट्यावर नजर ठेवून ठरवा. पाणी कायम समोर हवंच.

पक्ष्याला उपाशी ठेवून सरळ करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. बजरीगर-कॉकाटीलएवढा जीव एक पूर्ण दिवस उपाशी राहिला तरी धोक्यात येतो, आणि ज्याच्या यकृतात आधीच चरबी आहे त्याला तर उपवास थेट मारू शकतो. सकाळची भूक दीड-दोन तासांची असावी, त्यापेक्षा जास्त नाही.

रूप बदला

पहिले आठ दिवस वाटीतली भाजी शिवलीच जाणार नाही. ती फेकताना जीव हळहळतो, म्हणून अगदी थोडी ठेवा, पण रोज ठेवा. नेहमीच्या वाटीशेजारी, त्याच उंचीवर, त्याच्या आवडत्या दांडीजवळ. लहान पक्षी वरच्या दांडीवर बसतात आणि आपण भाजी तळाला ठेवतो. तिथे ते भीतीने उतरतच नाहीत.

कापायची पद्धत बदलत राहा. बारीक किसून त्यात मोजके दाणे मिसळा, म्हणजे दाणा शोधताना चोचीला गाजर लागेल. तेही चाललं नाही तर अख्खं लटकवा: मक्याचं कणीस उभं चिरून, लाल भोपळ्याची बियांसकट फोड, कोथिंबिरीची जुडी कपड्यांच्या चिमट्याने.

बजरीगरसाठी माझा ठरलेला उपाय म्हणजे ओली मेथी. जुडी धुवायची, पाणी न झटकता पिंजऱ्याच्या जाळीला आडवी बांधायची. मागच्या दिवाळीत आलेल्या निळ्या बजरीगरने पहिल्या दिवशी तिच्याकडे पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी तो पानांत शिरला आणि छाती, गाल, पंख पानांवर घासत राहिला. ती त्याची आंघोळ होती. दव पडलेल्या गवतात हे पक्षी असेच अंग ओलं करतात. तिसऱ्या दिवशी आंघोळ करता करता त्याने एक पान चोचीत धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. दुपारी पाहिलं तर त्या पानाची कड बारीक करवतीने कातरल्यासारखी झाली होती. आठवड्याने देठ तेवढे उरायला लागले.

आणखी एक, स्वतः खाऊन दाखवा. पोपट थव्यात जेवणारा प्राणी आहे, आणि घरात तुम्हीच त्याचा थवा. त्याच्यासमोर गाजर कचाकचा खा, लगेच त्याला देऊ नका. तो पुढे झुकून बघायला लागेपर्यंत थांबा. मात्र हे स्वयंपाकघरात नको. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतात; पिंजरा तिथे ठेवूच नये.

बाजारातून काय आणायचं

महाग काही लागत नाही. गर्द केशरी आणि गर्द हिरवं, या दोन रंगांवर लक्ष ठेवा, कारण अ जीवनसत्त्वाची मूळ द्रव्यं तिथे असतात. गाजर, लाल भोपळा, वाफवलेलं रताळं, पपई. शेवग्याचा पाला, मेथी, माठ, कोथिंबीर. शेवग्याचा पाला मी सगळ्यांत वर ठेवते. अ जीवनसत्त्वाबरोबर त्यात कॅल्शियमही भरपूर आहे, आणि शेजारी झाड असेल तर फुकट मिळतो. पालक अधूनमधून ठीक, रोज नको. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं.

मिरची द्यावी का, हे सगळे विचारतात. द्या. मिरचीची आग ज्या द्रव्याने होते ते पक्ष्यांना जाणवतच नाही. पिकलेली लाल मिरची हिरवीपेक्षा चांगली. पण भिजवलेली हरभरा डाळ आणि मिरची म्हणजे पोपटाचं जेवण, ही आपल्याकडची जुनी समजूत पुरेशी नाही. सकाळी ठेवलेली डाळ संध्याकाळपर्यंत बुळबुळीत होऊन वास मारते, तीच पोट बिघडवते. मोड आलेले मूग, मटकी उत्तम, पण पुन्हा पुन्हा धुऊन आणि दोन तासांत काढून. राजम्यासारखी मोठी कडधान्यं कच्ची कधीच नाहीत, पूर्ण शिजवूनच.

फळ थोडंच: पेरू, डाळिंब, पपई. पिसं झडायच्या दिवसांत आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा वाटाण्याएवढा तुकडा.

समुद्रफेस आणि ऊन

दुकानात कटलबोन म्हणून मिळतो तो आपला समुद्रफेस. म्हाकुळाच्या जातीच्या प्राण्याचं आतलं हाड, कोकणच्या किनाऱ्यावर वाहून येतं. कॅल्शियमसाठी ते पिंजऱ्याला बांधून ठेवा, मऊ बाजू पक्ष्याकडे. किनाऱ्यावरून आणलंत तर आठवडाभर पाणी बदलत भिजवा, उकळा आणि कडकडीत वाळवा.

नुसतं कॅल्शियम देऊन भागत नाही, ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते उन्हातल्या ज्या किरणांनी तयार होतं ती काचेतून येत नाहीत. बंद खिडकीतलं ऊन उपयोगाचं नाही. सकाळचं कोवळं ऊन गॅलरीत वीस मिनिटं, अर्ध्या पिंजऱ्यावर सावली ठेवून आणि तुम्ही समोर बसून. कावळे आणि मांजरं वाट बघत असतात.

पाण्यात टाकायचे जीवनसत्त्वांचे थेंब मी वापरत नाही. पाण्याची चव बदलली की पक्षी पाणी कमी पितो, आणि तेच पाणी उन्हाळ्यात लवकर खराब होतं.

पेलेट: सगळ्यात महाग आणि सगळ्यात अवघड

पेलेट म्हणजे सगळे घटक एकत्र करून दाबलेल्या गोळ्या. फायदा हा की पक्ष्याला त्यातून वेचता येत नाही. प्रत्येक घासात सगळं येतं. कॉन्युर, आफ्रिकन ग्रे यांच्यासाठी खाण्याचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग पेलेट, उरलेल्यात बहुतेक भाजी, आणि बिया फक्त बक्षीस म्हणून, हे मला पटलेलं प्रमाण आहे. बजरीगर-कॉकाटीलला पेलेट थोडे कमी, बारीक धान्य थोडं जास्त.

हे शेवटी ठेवलंय कारण पैसे तर जातातच, पण नीट न केल्यास पक्षीही जातो. एका दिवसात दाणे बंद करून पेलेटची वाटी ठेवली तर तो त्यांना खडे समजतो. वाटीत खडखड करतो, भुगा पाडतो, घरच्यांना वाटतं खातोय, आणि वजन उतरत जातं. पक्ष्याच्या आकाराचे पेलेट आणा, लहान पुडी घ्या. पहिला आठवडा दाण्यांत दहावा हिस्सा, पेलेटचा भुगा करून, कोमट पाण्याने किंचित ओला करून. दर आठवड्याला थोडा वाढवा. दीड-दोन महिने लागतील, मोठ्या वयाच्या ग्रेला सहा महिनेही लागलेले मी पाहिलेत. विष्ठा तपकिरी झाली की पेलेट पोटात जायला लागले असं समजा. वजन ५ टक्के उतरलं, म्हणजे ९० ग्रॅमच्या कॉकाटीलचं साडेचार ग्रॅम, तर लगेच मागच्या पायरीवर या आणि आठवडाभर तिथेच थांबा. गुबगुबीत पक्ष्याचं वजन उतरायला हवंच असतं, पण तेही महिन्यांच्या हिशोबाने. माझ्याकडे आलेला एक कॉकाटील ११८ वरून १०३ ग्रॅमवर यायला पाच महिने लागले, आणि तो वेग योग्य होता.

इथे थांबा, डॉक्टर गाठा

खालचं काहीही दिसलं तर आहारबदल त्या क्षणी थांबवा, पक्ष्याला त्याचे नेहमीचे दाणे परत द्या आणि त्याच दिवशी पक्षी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे जा.

- वजन १० टक्के किंवा त्याहून जास्त उतरलं (गुबगुबीत पक्ष्याचं महिन्यांच्या हिशोबाने उतरलेलं सोडून).
- पिसं फुगवून, डोळे मिटून दिवसभर बसलाय, किंवा पिंजऱ्याच्या तळाला उतरून बसलाय.
- श्वास घेताना शेपटी वरखाली हलते, चोच उघडी राहते.
- दिवसभरात विष्ठा नाही, किंवा विष्ठेत रक्त.
- उलटीने डोक्याची पिसं चिकट झाली आहेत.
- झटके येतात, दांडीवरून पडतो.
- मादीचं पोट फुगलंय, ती जोर करते पण अंडं बाहेर येत नाही.
- तोंडात पांढरे चट्टे दिसतात.

रात्रभर वाट बघू, सकाळी ठरवू, असं करू नका. तळाला बसलेल्या लहान पक्ष्याकडे बहुधा तेवढा वेळ नसतो. घरी चोच उघडून पाणी किंवा औषध घालू नका, ते फुप्फुसात जातं. औषधाच्या दुकानातून अंदाजाने अँटिबायोटिक आणू नका. वाढलेली चोच घरी कापू नका. तिच्या आत रक्तवाहिनी असते. आणि आजारी पक्ष्याच्या सान्निध्यात घरातल्या कोणाला ताप-खोकला आला तर स्वतःच्या डॉक्टरांना घरात पोपट आहे हे आवर्जून सांगा, कारण पोपटांपासून माणसाला होणारा एक फुप्फुसाचा संसर्ग आहे आणि त्याची औषधं वेगळी असतात.

सगळे पशुवैद्य पक्षी बघत नाहीत, म्हणून फोन करून विचारा, आणि वेळ यायच्या आधीच विचारून नंबर फ्रिजवर लावून ठेवा. मुंबईच्या आसपास राहणाऱ्यांना परळचं बैलघोड्याचं हॉस्पिटल माहीत असतंच. जिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे अशा शहरांत तिथेही चौकशी करता येते.

नेताना पक्षी लहान पिंजऱ्यात किंवा हवेला भोकं असलेल्या खोक्यात ठेवा, वरून सुती कापड, एका बाजूला फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. सोबत तीन गोष्टी घ्या: वजनाची वही, पिंजऱ्यातला त्या दिवशीचा कागद जसाच्या तसा, आणि तो जे दाणे खातो त्याची पुडी. डॉक्टर पहिले प्रश्न याच तीन गोष्टींबद्दल विचारतात.